सभागृहाचा कौल : डॉ. खानसाहेबांची कारकीर्द



सरहद्द गांधी म्हटलं की महाराष्ट्रात कुणाला ओळख करून द्यावी लागत नाही. उंचीपुरी मूर्ती, खादीचा लांब सदरा आणि गांधीजींच्या शेजारी किंचित वाकून चालणं, हे चित्र आपल्या आजीआजोबांच्या पिढीने घराघरांतून जपलं. पण खान अब्दुल गफार खान यांना सात-आठ वर्षांनी मोठा असलेला एक सख्खा भाऊ होता, आणि सत्तेच्या राजकारणात तो त्यांच्याहून फार पुढे गेला. ब्रिटिश हिंदुस्थानात तो वायव्य सरहद्द प्रांताचा पंतप्रधान झाला. त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत. पुढे तो पाकिस्तानच्या केंद्र सरकारात मंत्री झाला आणि अखेर साऱ्या पश्चिम पाकिस्तानचा पहिला मुख्यमंत्री. खान अब्दुल जब्बार खान हे त्यांचं नाव, पण सगळे त्यांना डॉ. खानसाहेब म्हणत. आपल्याकडे त्यांच्याबद्दल फार थोडं बोललं जातं. बोललं जातं तेही धाकट्या भावाच्या गोष्टीतलं दुय्यम पात्र म्हणून.

आज मी त्यांच्याकडे एक प्रांतिक राजकारणी म्हणून पाहणार आहे. मंत्र्याने खुर्चीवर राहायचं की नाही, हे कोण ठरवणार? लोकांनी निवडून दिलेलं सभागृह, की वरच्या बंगल्यात बसलेला माणूस? खानसाहेबांची वीस-एकवीस वर्षांची कारकीर्द या एका प्रश्नाभोवती उलगडते. कारकिर्दीच्या पूर्वार्धात सभागृहाने त्यांना सत्तेवर बसवलं. १९४७ साली सभागृहाला न विचारता त्यांना काढलं गेलं. पुढे वरच्या बंगल्याच्या आशीर्वादाने ते खुर्चीवर परतले आणि एक दिवस त्यांनी स्वतःच सभागृहाची परीक्षा चुकवली. या माणसाबद्दल मला अतिशय आदर आहे, म्हणून हा शेवटचा भाग मी झाकून ठेवणार नाही.

पेशावरजवळ चारसद्द्याच्या परिसरात हश्तनगर नावाचा सुपीक मुलूख आहे. त्यातल्या उतमानझई गावात १८८३च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. वडील बहराम खान मोहमदझई पठाणांपैकी मोठे जमीनदार. आजूबाजूचे मुल्ला इंग्रजी शाळेच्या विरोधात असताना या गृहस्थाने दोन्ही मुलांना पेशावरच्या मिशन शाळेत घातलं. मोठा मुलगा पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबईला, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आला आणि तिथून लंडनला गेला. इंग्लंडमध्ये विद्यार्थिदशेत जवाहरलाल नेहरूंशी त्यांची ओळख झाली. तिथेच मेरी या इंग्रज मुलीशी त्यांनी लग्न केलं. थोरला परदेशी जाऊन दुरावला या धास्तीने आईने धाकट्याला विलायतेला जाऊ दिलं नाही. थोरल्याने विलायतेत केलेल्या लग्नामुळे धाकट्याची विलायत हुकली आणि तो गावात राहिला. गावात राहिला म्हणूनच शाळा काढत, खेडोपाडी फिरत तो पुढे बादशहा खान झाला.

पहिल्या महायुद्धात डॉक्टर म्हणून फ्रान्सच्या आघाडीवर काम करून खानसाहेब इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. मर्दानच्या गाइड्स पलटणीत त्यांची नेमणूक होती. वझिरिस्तानात सरकारने पठाण टोळ्यांवर मोहीम काढली आणि त्यांना तिकडे जाण्याचा हुकूम आला, तेव्हा आपल्याच माणसांवरच्या मोहिमेत जायला नकार देऊन १९२१च्या सुमारास त्यांनी राजीनामा दिला. पेशावरात त्यांनी स्वतःचा दवाखाना सुरू केला. वय चाळिशीकडे झुकलेलं, घरात इंग्रज बायको, हातात उत्तम चाललेली प्रॅक्टिस. ते चळवळीत यावेत असं काहीच दिसत नव्हतं. पण नोव्हेंबर १९२९मध्ये धाकट्या भावाने खुदाई खिदमतगार ही संघटना उभी केली, आणि २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला. गढवाल रायफल्सच्या चंद्रसिंग गढवालींनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गोळी घालायला नकार दिला, तो हाच प्रसंग. त्यानंतर पेशावरात चळवळीपासून लांब राहणं कोणत्याही अब्रूदार माणसाला अवघड होतं. डिसेंबर १९३१मध्ये दोघे भाऊ पकडले गेले. ऑगस्ट १९३४मध्ये हजारीबागच्या तुरुंगातून सुटका झाली, पण सरहद्द प्रांतात आणि पंजाबात पाऊल टाकायचं नाही या अटीवर.

घर बंद झालेले हे दोन भाऊ वर्ध्याला आले. जमनालाल बजाजांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. सेवाग्राम तेव्हा वसलं नव्हतं, गांधीजींचा मुक्काम वर्धा गावातच होता. सहवासात आलेल्या या दोन भावांवर गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाईंनी एक छोटं इंग्रजी पुस्तक लिहिलं, गांधीजींनी त्याला प्रस्तावना दिली, आणि सरहद्दीबाहेरच्या हिंदुस्थानला त्यांची खरी ओळख झाली. त्याच वर्षी डिसेंबरात गफार खानांना वर्ध्यातच अटक झाली, मुंबईतल्या एका भाषणाबद्दल. खानसाहेब मात्र प्रांतात पाऊल ठेवण्याची बंदी असतानाच मध्यवर्ती विधिमंडळावर निवडून आले होते. उमेदवार हद्दपार आणि मतदारांनी त्याला दिल्लीला पाठवलं, एवढा त्यांचा प्रांतात दबदबा होता.

१९३५च्या कायद्याने प्रांतांना मर्यादित स्वायत्तता मिळाली आणि १९३७ साली निवडणुका झाल्या. सरहद्द प्रांताच्या विधानसभेत ५० जागा होत्या. काँग्रेसला त्यांपैकी १९ मिळाल्या. सगळ्यांत मोठा पक्ष, पण बहुमत नाही. गव्हर्नरने साहेबजादा अब्दुल कय्यूम यांचं अल्पमतातलं मंत्रिमंडळ बसवलं. सप्टेंबरमध्ये सभागृहात अविश्वासाचा ठराव आला, मंत्रिमंडळ पडलं, आणि खानसाहेबांनी आघाडी जुळवून सरकार स्थापन केलं. पहिल्या वेळेला सत्ता त्यांच्याकडे आली ती अशी, सभागृहात हात वर होऊन.

हे सरकार किती गरीब होतं ते पाहा. केंद्राकडून वर्षाला १ कोटी रुपयांचं अनुदान आलं नाही तर प्रांताचा गाडा चालत नसे. टोळ्यांचा मुलूख तर मंत्र्यांच्या अखत्यारीतच नव्हता, तो थेट गव्हर्नरच्या हाताखाली. म्हणजे पेशावर, मर्दान, कोहाट, बन्नू, डेरा इस्माइल खान आणि हजारा एवढ्या जिल्ह्यांपुरतं हे राज्य. त्यातही खानसाहेबांच्या मंत्रिमंडळाने मानद मॅजिस्ट्रेटची पदं बंद केली, राजकीय कैदी सोडले, सरकारशी निष्ठेच्या मोबदल्यात बड्या खानांना मिळणाऱ्या इनामांना आणि मानपानाला कात्री लावली, कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी कायदा केला. इंग्रजांच्या राज्याचा खालचा टेकू म्हणजे हे बडे खान, त्यामुळे ते मंत्रिमंडळाचे हाडवैरी झाले आणि पुढे मुस्लिम लीगच्या आश्रयाला गेले.

इथे एक डागही नोंदवायला हवा. १९३८ साली मर्दान जिल्ह्यातल्या घल्लाढेर गावी तोरूच्या नवाबाच्या कुळांनी बेदखलीविरुद्ध उठाव केला. कुळांमध्ये खुद्द काँग्रेसचे आणि खुदाई खिदमतगारांचे कार्यकर्ते होते. तरी खानसाहेबांच्या सरकारने त्यांना पकडून तुरुंगात टाकलं. कायदा आणि सुव्यवस्था राखायची म्हणून, असा बचाव होता. जमीनदार घरातला माणूस कुळाच्या बाजूने कुठवर जाईल, याची सीमारेषा त्या गावात दिसली.

नोव्हेंबर १९३९मध्ये युद्धाच्या प्रश्नावर इतर काँग्रेस मंत्रिमंडळांबरोबर त्यांनीही राजीनामा दिला. १९४३ साली, काँग्रेसचे बरेच आमदार तुरुंगात असताना, लीगच्या औरंगजेब खानांनी सरकार बनवलं. आमदार सुटून आले तसा मार्च १९४५मध्ये अविश्वासाचा ठराव आला, सरकार पडलं आणि खानसाहेब पुन्हा पंतप्रधान झाले. ही दुसरी वेळ, आणि तीही सभागृहाच्या मतावर. तिसऱ्यांदा तर थेट मतदारांनीच कौल दिला. १९४६च्या निवडणुकीत ५०पैकी ३० जागा काँग्रेसला, १७ लीगला. साऱ्या देशात मुस्लिम मतदारसंघांत लीग एकतर्फी जिंकत असताना नव्वद टक्क्यांहून अधिक मुस्लिम वस्तीच्या या प्रांतात मुस्लिम जागांमध्येही काँग्रेस लीगच्या पुढे राहिली. पाकिस्तानची मागणी करणाऱ्यांच्या नकाशावर ही सगळ्यांत अवघड जागा होती.

मग पुढच्या दीड वर्षात असं काय घडलं? कलकत्ता, नोआखाली, बिहार इथल्या दंग्यांनी हवा बदलली. ऑक्टोबर १९४६मध्ये नेहरू सरहद्दीच्या दौऱ्यावर आले तेव्हा मलाकंदला त्यांच्या गाडीवर दगडफेक झाली, बरोबरचे खानबंधूही जखमी झाले. फेब्रुवारी १९४७पासून लीगने प्रांतात कायदेभंग सुरू केला. हिंदू-शीखांवर हल्ले झाले. गव्हर्नर ओलाफ कॅरो यांचा कल लीगकडे आहे, अशी काँग्रेसची ठाम तक्रार होती. आणि फाळणीच्या ३ जूनच्या योजनेत एक गोष्ट लिहिली गेली : सरहद्द प्रांतात सार्वमत होईल, हिंदुस्थान की पाकिस्तान. बंगाल, पंजाब आणि सिंधमध्ये निर्णय निवडून आलेल्या सभागृहांवर सोपवला. सरहद्दीच्या सभागृहाने मात्र आधीच हिंदुस्थानच्या घटना समितीच्या बाजूचा पक्ष निवडून दिला होता, म्हणून त्याच्या डोक्यावरून थेट मतपेटी ठेवली गेली.

२१ जूनला बन्नू इथे खुदाई खिदमतगारांनी आणि प्रांतिक काँग्रेसने मागणी केली की मतपत्रिकेवर तिसरा पर्याय हवा, पठाणांच्या स्वतंत्र राज्याचा. ती फेटाळली गेली. व्हाइसरॉय माउंटबॅटनना ती नको होती, आणि नेहरूंनाही नको होती, कारण तसा पर्याय एका प्रांताला दिला तर बंगालही तोच मागणार. दिल्लीतल्या काँग्रेस श्रेष्ठींनी सरहद्दीच्या आपल्या माणसांना या क्षणी वाऱ्यावर सोडलं. सतरा वर्षं लाठ्या आणि गोळ्या खाल्लेल्या सहकाऱ्यांशी अशी वागणूक झाली, हे आपल्या स्वातंत्र्याच्या इतिहासातलं एक दुखरं पान आहे आणि ते आपण मुलांना शिकवत नाही.

खुदाई खिदमतगारांनी सार्वमतावर बहिष्कार टाकला. ६ ते १७ जुलैदरम्यान मतदान झालं. मतदार ५ लाख ७२ हजार ७९८. पाकिस्तानच्या बाजूने २ लाख ८९ हजार २४४, हिंदुस्थानच्या बाजूने २,८७४. झालेल्या मतांचा हिशेब केला तर पाकिस्तानला जवळपास ९९ टक्के. एकूण मतदारांचा केला तर ५०.५ टक्के. दोन्ही बाजूंनी गेली पंचाहत्तर वर्षं हे आकडे एकमेकांच्या तोंडावर मारले आहेत. मला वाटतं, प्रांत पाकिस्तानात जाणार हे या आकड्यांनी ठरवलं, आणि खानबंधूंनीही ते मानलं. पण मंत्रिमंडळ कुणाचं असावं हा वेगळा प्रश्न होता आणि तो मतपत्रिकेवर नव्हता.

त्या प्रश्नाचं उत्तर २२ ऑगस्ट १९४७ रोजी दिलं गेलं. पाकिस्तान जन्माला येऊन आठवडा झाला होता. गव्हर्नर जनरल जिनांच्या आदेशावरून गव्हर्नर जॉर्ज कनिंगहॅम यांनी डॉ. खानसाहेबांचं मंत्रिमंडळ बडतर्फ केलं. विधानसभेत त्यांचं बहुमत होतं. अविश्वासाचा ठराव आलेला नव्हता, सभागृह बोलावलं गेलं नव्हतं. त्यांच्या जागी मुस्लिम लीगच्या अब्दुल कय्यूम खान यांचा अल्पमतातला मुख्यमंत्री म्हणून शपथविधी झाला.

लीगची बाजूही नीट मांडली पाहिजे. ज्या मंत्रिमंडळाने पाकिस्तानला विरोध केला, सार्वमतावर बहिष्कार घातला, त्याच्या हाती नव्या राष्ट्राचा अफगाण सीमेवरचा प्रांत कसा ठेवायचा? काबूल पठाण मुलखावर हक्क सांगू लागलं होतं. शंका निराधार म्हणता येणार नाही. पण तिचं निरसन करण्याचे दोन सरळ मार्ग होते : सभागृह बोलावून विश्वासाचं मत मागणं किंवा नव्याने निवडणूक घेणं. सार्वमतात एवढा मोठा विजय मिळवलेल्या पक्षाला निवडणुकीची भीती कशाला असावी? त्यातून सप्टेंबरच्या सुरुवातीला सरदरयाब इथे जमून खुदाई खिदमतगारांनी पाकिस्तान हा आपला देश आहे असं जाहीर केलं. त्या ठरावाची सरकारदरबारी कुणी किंमत केली नाही.

आता या अब्दुल कय्यूम खानांविषयी थोडं; १९३७चे साहेबजादा अब्दुल कय्यूम ते वेगळे. हे गृहस्थ १९४५पर्यंत काँग्रेसमध्ये होते, मध्यवर्ती विधिमंडळात काँग्रेस पक्षाचे उपनेते. त्या वर्षी त्यांनी पठाण सरहद्दीवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं, आपल्या मुंबईतल्याच हिंद किताब्ज या प्रकाशनाने ते छापलं. त्यात खानबंधूंची स्तुती आहे. मुख्यमंत्री झाल्यावर कय्यूम खानांनी आपल्याच पुस्तकावर बंदी घातली. जुन्या सहकाऱ्यांना तर त्यांनी तुरुंगांत भरलं. १२ ऑगस्ट १९४८ रोजी चारसद्द्याजवळ बब्रा गावी खुदाई खिदमतगारांच्या मोर्चावर गोळीबार झाला. सरकारने पंधराच्या आसपास माणसं मेल्याचं सांगितलं, खुदाई खिदमतगार शेकड्यांत आकडा सांगतात. गफार खान आधीच, जूनमध्ये, तुरुंगात गेले होते. ते १९५४च्या जानेवारीत सुटले. खानसाहेबही नजरकैदेत गेले.

२२ ऑगस्टची गोष्ट एका प्रांतापुरती राहिली असती तर मी ती इतकी लांबवली नसती. एप्रिल १९४८मध्ये सिंधचे अयूब खुहरो बडतर्फ झाले. १९४९मध्ये पंजाबात गव्हर्नरची राजवट आली. १९५३मध्ये खुद्द पंतप्रधान ख्वाजा नझीमुद्दीन यांना गव्हर्नर जनरल गुलाम मुहम्मद यांनी घरी पाठवलं. १९५४मध्ये पूर्व बंगालात निवडणूक प्रचंड बहुमताने जिंकलेलं फझलुल हक यांचं सरकार दोन महिनेही टिकू दिलं नाही. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला घटना समितीच विसर्जित केली. पहिल्या वेळी कुणी अडवलं नाही, म्हणून पुढची प्रत्येक वेळ सोपी गेली. पाकिस्तानात लष्कराने लोकशाही मोडली असं आपण सर्रास म्हणतो, पण लष्कर यायच्या आधीच मुलकी माणसांनी सभागृहाची किंमत शून्य करून ठेवली होती.

आणि आता मला सगळ्यांत जड जाणारा भाग. ज्या दिवसांत घटना समिती मोडली गेली, त्याच दिवसांत नवं केंद्रीय मंत्रिमंडळ बनलं. मोहम्मद अली बोगरा पंतप्रधान, सरसेनापती अयूब खान संरक्षणमंत्री, इस्कंदर मिर्झा गृहमंत्री. आणि दळणवळणमंत्री डॉ. खानसाहेब. सात वर्षांपूर्वी ज्याच्यावर देशद्रोहाचा शिक्का मारला होता, तो आता मंत्रिपदाची शपथ घेत होता. इस्कंदर मिर्झा १९४०च्या दशकात पेशावरला डेप्युटी कमिशनर होते, दोघांची ओळख तिथली. सत्तरी ओलांडलेल्या, नजरकैदेतून बाहेर पडलेल्या या माणसाला मिर्झांनी राजकारणात परत आणलं.

का आणलं? पश्चिमेकडचे सगळे प्रांत आणि संस्थानं, म्हणजे पंजाब, सिंध, सरहद्द, बलुचिस्तान, बहावलपूर, खैरपूर, कलात, मिळून एकच प्रांत करायचा बेत शिजत होता. त्याला 'वन युनिट' म्हणत. निम्म्याहून जास्त लोकसंख्या पूर्व बंगालात होती. तिच्या तोडीस तोड पश्चिमेचा एकच गठ्ठा उभा करायचा, हा त्यातला खरा हिशेब. राजधानी लाहोर. छोट्या प्रांतांना पंजाबच्या वर्चस्वाची भीती होती, म्हणून मुख्यमंत्री पंजाबी चालणार नव्हता. पठाण हवा, नावाजलेला हवा, आणि स्वतःचा पक्ष नसलेला हवा. खानसाहेब या तिन्ही अटींत बसत होते.

ही योजना ज्या सरकारांनी मानली नाही त्यांचं काय झालं? सिंधचे पीरजादा अब्दुस सत्तार बडतर्फ, पंजाबचे फिरोज खान नून बडतर्फ, सरहद्दीचे सरदार अब्दुर रशीद बडतर्फ. ही सगळी हत्यारं २२ ऑगस्ट १९४७च्या भात्यातली. १४ ऑक्टोबर १९५५ रोजी वायव्य सरहद्द प्रांत नकाशावरून पुसला गेला, आणि नव्या एकत्रित प्रांताचा पहिला मुख्यमंत्री म्हणून डॉ. खानसाहेबांनी शपथ घेतली. ज्या विधानसभेला ते जबाबदार असायचे ती अजून अस्तित्वातच नव्हती. ती पुढच्या वर्षी निवडली गेली.

विधानसभा आली तेव्हा तिच्यात मुस्लिम लीगचं बळ मोठं होतं. लीगचे अध्यक्ष सरदार अब्दुर रब निश्तर हे पेशावरचेच, खानसाहेबांचे जुने प्रतिस्पर्धी. मुख्यमंत्री आमच्या पक्षाचा हवा, असा त्यांनी आग्रह धरला. खानसाहेबांनी लीगमध्ये जायला नकार दिला आणि एप्रिल १९५६मध्ये रिपब्लिकन पक्ष काढला. राष्ट्राध्यक्ष झालेल्या मिर्झांचा त्यामागे हात आहे हे उघड गुपित होतं. काल लीगमध्ये असलेले जमीनदार रातोरात रिपब्लिकन झाले. सभापतीच्या निवडणुकीत मतं समसमान पडली आणि अध्यक्षस्थानी असलेल्याच्या निर्णायक मताने रिपब्लिकन उमेदवार निवडून आला. १९३०च्या गोळीबारातून उभ्या राहिलेल्या चळवळीचा माणूस आता फोडाफोडीच्या गणितावर सरकार चालवत होता. या पक्षाने एक चांगलं काम केलं हे कबूल करायला हवं : धर्मानुसार वेगळ्या मतदारयाद्या न ठेवता संयुक्त मतदारसंघ असावेत, या बाजूने त्यांनी मत दिलं. खानसाहेबांची आयुष्यभराची भूमिका तीच होती.

पण जून १९५६मध्ये काय झालं? वन युनिटविरुद्ध खेडोपाडी सभा घेणाऱ्या खान अब्दुल गफार खानांना अटक झाली. अटक करणारं सरकार पश्चिम पाकिस्तानचं, आणि त्याचा मुख्यमंत्री त्यांचा सख्खा थोरला भाऊ. लाहोरच्या उच्च न्यायालयात खटला चालला. जानेवारी १९५७मध्ये न्यायालय उठेपर्यंत कैद आणि १४ हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. गफार खानांनी दंड भरला नाही, त्यापोटी त्यांची जमीन जप्त झाली. बहराम खानांच्या एकाच वाड्यात वाढलेले, हजारीबागच्या एकाच तुरुंगात राहिलेले, वर्ध्याला एकाच घरी पाहुणे म्हणून उतरलेले हे दोघे. राजकारणात भाऊ भावाविरुद्ध उभे राहतात, आपल्याला त्याचं नवल नाही. पण इथे भांडण भाऊबंदकीचं नव्हतं. एकाला पठाणांचा प्रांत हवा होता, दुसऱ्याने तो बुडवणाऱ्या व्यवस्थेचं नेतृत्व पत्करलं होतं. माझ्या मते या बाबतीत धाकटा बरोबर होता आणि थोरला चुकला.

दोन महिन्यांनी, मार्च १९५७मध्ये, अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होतं. रिपब्लिकन पक्षातले काही आमदार फुटून पुन्हा लीगकडे गेले. सरकार मतदानात पडणार हे दिसू लागलं. १९३७ साली आणि १९४५ साली अशाच क्षणी समोरच्या मंत्रिमंडळाने सभागृहाचा निकाल मानला होता आणि त्यामुळे खानसाहेब सत्तेवर आले होते. या वेळी निकालाला सामोरं जायची पाळी त्यांची होती. त्यांनी सभागृह तहकूब करवलं आणि प्रांतात राष्ट्राध्यक्षांची राजवट लावण्याचा सल्ला दिला. २१ मार्चला ती लागली. १९४७ साली वरून आलेल्या हुकमाने त्यांचं बहुमत असून सरकार गेलं, १९५७ साली तसाच हुकूम त्यांनी स्वतः मागून घेतला. जुलैमध्ये राजवट उठली तेव्हा मुख्यमंत्रिपदी सरदार अब्दुर रशीद आले, वन युनिटला विरोध केला म्हणून दोन वर्षांपूर्वी बडतर्फ झालेले तेच. आणि सप्टेंबर १९५७मध्ये पश्चिम पाकिस्तानच्या विधानसभेने प्रचंड बहुमताने ठराव केला की वन युनिट मोडून पुन्हा प्रांत करावेत. सभागृहाला एकदा मोकळेपणी विचारलं तेव्हा हे उत्तर आलं.

असं का झालं असावं? सत्तेचा मोह, असं सोपं उत्तर देणारे आहेत. मला ते पुरेसं वाटत नाही. खानसाहेबांनी पैसा केला असा आरोप त्यांच्या शत्रूंनीही गांभीर्याने केलेला नाही. पण ज्या माणसाला सभागृहाने दोनदा आणि मतदारांनी एकदा कौल दिला आणि एका कागदाने तो सगळा कौल रद्द ठरवला, आणि ज्याने पुढची वर्षं नजरकैदेत बसून पाहिलं की कुठल्याच प्रांतात सभागृहाला कुणी विचारत नाही, त्याचा सभागृहावरचा विश्वासच उडाला असेल तर? वरच्या बंगल्याशी जमवून घेतल्याशिवाय आपल्या माणसांसाठी काही करता येणार नाही, असं त्याने मनाशी ठरवलं असेल तर? गफार खानांनी तोच अन्याय, त्याहून जास्त तुरुंगवास सोसून निराळा रस्ता धरला, त्यामुळे खानसाहेबांचं समर्थन होत नाही. कारण मात्र कळतं.

निवडणुका फेब्रुवारी १९५९मध्ये व्हायच्या होत्या आणि खानसाहेब पक्षाच्या तयारीला लागले होते. ९ मे १९५८. लाहोरला एकमन रोडवर मुलाच्या घरी ते उतरले होते. सकाळी साडेआठचा सुमार. झांगला जायचं होतं, बरोबर येणाऱ्या सहकाऱ्याची वाट पाहत ते बागेत बसले होते. पहारा नव्हता. पंचाहत्तर वर्षांच्या या माणसाला कधीच पहारा आवडला नाही, कुणीही यावं आणि गाऱ्हाणं सांगावं अशी त्यांची रीत. मियांवाली जिल्ह्यातला एक पटवारी आला. दोन वर्षांपूर्वी गैरवर्तनाबद्दल तो नोकरीतून बडतर्फ झाला होता आणि परत कामावर घ्यावं म्हणून खेटे घालत होता. त्याने सुरा काढला आणि वार केले. खानसाहेब गेले. मोठा राजकीय कट त्यामागे होता असं कधी सिद्ध झालं नाही. मृतदेह उतमानझईला नेला, पत्नी मेरी यांच्या कबरीशेजारी दफन केला. 

पुढचं थोडक्यात सांगतो. पाच महिन्यांनी, ७ ऑक्टोबरला, इस्कंदर मिर्झांनी लष्करी कायदा पुकारला. तीन आठवड्यांत अयूब खानांनी मिर्झांनाच लंडनला रवाना केलं. फेब्रुवारी १९५९ची निवडणूक झालीच नाही. वन युनिट १ जुलै १९७० रोजी मोडलं. खानसाहेबांच्या प्रांताला पठाणांच्या नावाची ओळख मिळायला मात्र एप्रिल २०१० उजाडलं. अठराव्या घटनादुरुस्तीने तो खैबर पख्तुनख्वा झाला, आणि त्याच दुरुस्तीने प्रांतात वरून राजवट लादण्याच्या केंद्राच्या अधिकारावरही प्रांतिक सभागृहाच्या संमतीचं बंधन आणलं.

१९३५च्या ज्या कायद्यातून गव्हर्नरचे हे अधिकार आले, त्याच कायद्याचा वारसा आपल्याही राज्यघटनेत आहे. बहुमत राजभवनात मोजायचं नाही, सभागृहात मोजायचं, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाला १९९४ साली बोम्मई खटल्यात स्पष्ट करावं लागलं, तोवर आपल्याकडेही अनेक सरकारं अशीच गेली होती. खानसाहेबांचा इतिहास परक्या मुलखाचा म्हणून आपल्याला बाजूला ठेवता येत नाही.

अभ्यासकांना माझी एक विनंती आहे. गांधीजींचं आठ खंडांचं चरित्र लिहिणारे आपले द. गो. तेंडुलकर यांनी १९६७ साली गफार खानांचं मोठं इंग्रजी चरित्र लिहिलं. त्याच तोलाचं डॉ. खानसाहेबांचं चरित्र मराठीत व्हायला हवं. ग्रँट मेडिकल कॉलेज मुंबईत आहे, वर्ध्याची कागदपत्रं विदर्भात आहेत, सुरुवात करायला आपल्याला लांब जावं लागणार नाही. जो कुणी ते लिहील त्याने १९३७ आणि १९४६ जितक्या मनापासून लिहावं तितकंच १९५६ आणि १९५७ही लिहावं. एकही साल गाळू नये.